वेब-पानाचा मूळपुरुष

कुलवृत्तांताचे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. नसेल तर गावातल्या एखाद्या जुन्या घराण्याचा वंशवृक्ष तरी आपण पाहिला असेल. कागदाच्या अगदी माथ्यावर एकच नाव असते. त्याखाली दोन-तीन मुलगे, त्यांच्याखाली नातू, मग पणतू, आणि कागद खाली खाली रुंदावत जातो. माथ्यावरच्या त्या एकट्या नावाला आपण मूळपुरुष म्हणतो. शेतातल्या झाडाचे मूळ जमिनीत असते. वंशवृक्षाचे मूळ वर असते. आता इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. घराण्याच्या सर्वांत जुन्या कागदात हा मूळपुरुष पुष्कळदा सापडतच नाही. नातवा-पणतवांच्या नावचे कागद आधी हाती येतात, आणि मूळपुरुषाचे नाव मागाहून, कोणी वंशावळ नीट लावायला बसला म्हणजे, वर लिहिले जाते.

आज ज्या मूळपुरुषाची हकीगत मला सांगायची आहे त्याचेही नेमके असेच झाले. तो कोणा घराण्याचा नव्हे. इंटरनेटवरच्या पानांचा आहे. आपण मोबाइलवर महाभूलेखच्या संकेतस्थळावरून सातबाराचा उतारा पाहता, मुलाचा दहावीचा निकाल पाहता, बाजारभाव पाहता. डोळ्यांना दिसते ते नुसते पान. अक्षरे, रकाने, एखादे चित्र. परंतु त्या पानाच्या आत दुसरा एक मजकूर असतो आणि तो साध्या अक्षरांतच लिहिलेला असतो. त्यात जागोजागी खुणा असतात. गणितात आपण मुलांना ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठा’ ही चिन्हे शिकवतो ना? त्याच दोन चिन्हांच्या कंसात एखादा शब्द घातला की झाली खूण. इथून मथळा सुरू, इथे मथळा संपला. इथून परिच्छेद सुरू, इथे संपला. संपल्याच्या खुणेत एक तिरकी रेघ जास्त असते, एवढाच फरक. उघडणारी खूण, मिटणारी खूण आणि त्यांच्यामधला मजकूर मिळून जे होते त्याला घटक म्हणतात. एका घटकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. संगणकशास्त्रात त्यांना बोलताना आई-बाप, मुले, भावंडे असेच शब्द वापरतात बरं का, हे काही मी माझ्या पदरचे सांगत नाही. या सगळ्या गोतावळ्याच्या माथ्यावर जो एक घटक असतो, ज्याच्या पोटात सारे पान मावते आणि ज्याला स्वतःला आई-बाप नाहीत, त्याचे नाव एचटीएमएल. जे भाषेचे नाव, तेच मूळपुरुषाचे. हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज या तीन इंग्रजी शब्दांचे ते आद्याक्षरी रूप आहे.

यातला ‘मार्कअप’ हा शब्द संगणकवाल्यांचा नव्हे, छापखान्यातला आहे. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात लेखकाचे हस्तलिखित जसेच्या तसे जुळाऱ्याच्या हाती जात नसे. आधी संपादकीय टेबलावर त्याच्या समासात खुणा होत. ही ओळ ठळक टाइपात घ्या, ही मध्यावर घ्या, इथे नवा परिच्छेद करा. जुळारी त्या खुणा पाळी, पण छापीत नसे. खूण वाचायची असते, दाखवायची नसते. वेब-पानाच्या खुणांनाही हाच नियम आहे आणि म्हणूनच आपल्याला त्या कधी दिसल्या नाहीत.

मात्र अशा खुणा दोन तऱ्हांच्या असू शकतात आणि हा भेद नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्याच्यावर उभा आहे. ‘ही ओळ ठळक घ्या’ ही एक तऱ्हा. ‘ही ओळ म्हणजे प्रकरणाचे नाव आहे’ ही दुसरी. पहिल्या तऱ्हेत मजकूर कसा दिसावा ते सांगितले. दुसरीत तो काय आहे ते सांगितले. पहिली खूण एका छापखान्यापुरती. उद्या तोच मजकूर दुसऱ्या आकारात छापायचा म्हटले की सगळ्या खुणा खोडून नव्याने करा. दुसरी खूण कायमची, कारण प्रकरणाचे नाव कोणत्याही छापखान्यात प्रकरणाचे नावच राहते. सन १९६७ मध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात भरलेल्या एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी मजकूर आणि त्याचे दिसणे ही वेगळी ठेवावीत असा विचार मांडला. दोनच वर्षांनी, १९६९ साली, आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी त्याला व्यवहारात आणले.

गोल्डफार्ब हे शिक्षणाने वकील. त्यांच्यापुढचे काम वकिलांच्या कचेरीचेच होते. कायद्याचे कागद एका यंत्रणेत लिहायचे, दुसरीत साठवून हवे तेव्हा शोधायचे आणि तिसरीत छापण्याजोगे करायचे. पण या तीन यंत्रणांना एकमेकींचे कागद कळत नव्हते. तीन खाती आणि तिघांच्या तीन लिप्या, असा प्रकार. सरकारी कचेरीत ज्यांचे पाय झिजले आहेत त्यांना हे उदाहरण अधिक फोड करून सांगायला नको. तिघांनी उपाय काढला तो असा: कागदावर ‘काय आहे’ एवढीच खूण करायची आणि तिचे पुढे काय करायचे ते ज्याच्या त्याच्या यंत्रणेने ठरवायचे. या पद्धतीला त्यांनी जीएमएल हे नाव दिले. अर्थ लावला तर ‘जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज’, आणि अक्षरे पाहिली तर गोल्डफार्ब, मोशर, लोरी! देवळाच्या पायरीवर आपले नाव कोरून ठेवावे तसे तिघांनी आपले नाव ठेवले, आणि एचटीएमएल म्हणताना त्या तिघांपैकी दोघांची आद्याक्षरे आजही सारे जग उच्चारते.

याच पद्धतीला १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. आयएसओ ८८७९ हा त्याचा क्रमांक, एसजीएमएल हे नाव. या मानकात शिस्त फार कडक. तिच्यातला एक नियम आपल्या विषयाचा: प्रत्येक कागदाला मूळ घटक एकच असला पाहिजे, आणि त्याचे नाव कागदाच्या माथ्यावर आधी जाहीर केले पाहिजे. आता म्हणाल, एकच का? पत्राचेच पाहा. एका पत्राला दोन मायने आणि दोन सह्या असतील तर ते एक पत्र आहे की दोन, हे टपालवाल्याला काय कळणार? यंत्राला तर आपल्याहून कमी कळते. मजकूर कोठे सुरू झाला, कोठे संपला आणि मधले सर्व एकाच कागदाचे आहे, ही खात्री त्याला मूळ घटक देतो.

येथवर सगळे वकील, मुद्रक आणि मोठ्या कंपन्या यांचे राज्य होते. पुढची गोष्ट स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सरहद्दीवर, जिनिव्हाजवळ घडते. तेथे सर्न नावाची अणूच्या अंतरंगाचा शोध घेणारी मोठी प्रयोगशाळा आहे. देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथे यायचे, वर्ष दोन वर्षे काम करायचे आणि परत जायचे. त्यांचे संगणक निरनिराळे, कागद ठेवण्याच्या रीती निरनिराळ्या. माणूस गेला की त्याच्याबरोबर माहितीही जाई. टिम बर्नर्स-ली या तेथल्या इंग्रज संशोधकाने मार्च १९८९ मध्ये वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवले. सगळे कागद एका जाळ्यात गुंफावेत आणि एका कागदातल्या शब्दावरून थेट दुसऱ्या कागदावर जाता यावे, असा त्याचा आशय. १९९० साल संपता संपता पाने पुरवणारा आणि ती दाखवणारा, असे दोन्ही प्रोग्राम त्याच्या यंत्रावर चालू लागले होते.

पानांसाठी खुणा कोणत्या घ्यायच्या? बर्नर्स-लीने शहाणपणा केला. सर्नमध्ये कागदपत्रांसाठी एसजीएमएलच्या धर्तीच्या काही खुणा आधीच वापरात होत्या. मथळ्याच्या, परिच्छेदाच्या, यादीच्या. लोकांच्या हाताला त्या सवयीच्या होत्या. त्याने त्याच उचलल्या आणि स्वतःची मुख्य भर घातली ती दुव्याची, म्हणजे ज्या शब्दावर बोट ठेवले की दुसरे पान उघडते त्याची. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्याने या खुणांची यादी इतरांना कळवली. यादीत अठरा घटक. नावाची खूण आहे, मथळ्याच्या सहा पायऱ्या आहेत, परिच्छेद आहे, यादी आहे, पत्त्याचीसुद्धा खूण आहे.

आणि मूळपुरुष? तो नाही.

होय, ज्याच्या नावाने आज सारे कुळ ओळखले जाते तो एचटीएमएल हा घटक त्या पहिल्या यादीतच नाही. दुसरा पुरावा याहून बोलका आहे. जगातल्या पहिल्या संकेतस्थळाच्या मुख्य पानाची १९९२ सालची प्रत सर्नने २०१३ मध्ये पुन्हा तिच्या जुन्या पत्त्यावर ठेवली. ती कोणालाही पाहता येते. त्या पानाचा आतला मजकूर उघडावा तर सुरुवातीला ‘हेडर’ अशी खूण, त्यात पानाचे नाव. मग ‘बॉडी’ अशी खूण आणि त्यात बाकीचा मजकूर. दोन भाऊ शेजारी शेजारी उभे आहेत आणि बाप कागदावर नाही. एसजीएमएलच्या शिस्तीप्रमाणे हा कागदच बेकायदेशीर. तरीही ते पान चालत होते, लोक ते वाचत होते, आणि त्याच्यावरून पुढे कोट्यवधी पाने जन्माला आली.

चालत कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. त्या वेळचा पाने दाखवणारा प्रोग्राम, ज्याला ब्राउझर म्हणतात, तो साधा होता. रात्रीच्या वेळी कंदील घेऊन निघालेला माणूस जसा पुढची चार पावले पाहतो, तसा तो मजकूर वरून खाली वाचत जाई आणि वाटेत जी खूण भेटेल ती पाळी. मथळ्याची खूण आली, अक्षर मोठे कर. परिच्छेदाची आली, जागा सोड. संपूर्ण वंशवृक्ष डोळ्यांपुढे मांडण्याची त्याला गरजच नव्हती आणि ज्याला वंशवृक्ष मांडायचा नाही त्याचे मूळपुरुषावाचून काय अडते?

अडू लागले ते मागाहून. १९९२ पासून डॅन कॉनली या अमेरिकन तज्ज्ञाने या मोकाट खुणांना एसजीएमएलच्या व्याकरणात बसवण्याचे काम हाती घेतले. व्याकरण म्हटले की मूळ आलेच. बर्नर्स-ली आणि कॉनली यांनी मिळून जून १९९३ मध्ये जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात एचटीएमएल हा घटक माथ्यावर दिसतो. खाली त्याची दोन मुले, मस्तक आणि धड, म्हणजे हेड आणि बॉडी. अशा रीतीने वंशावळ लागली. पण एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ही सारी विद्या कोणतेही मोल न घेता जगाला खुली करून टाकली होती आणि लोक भराभर पाने लिहीत सुटले होते. त्या पानांत मूळ नव्हते. त्यांना काय नापास करायचे? म्हणून नोव्हेंबर १९९५ मध्ये जे पहिले रीतसर मानक निघाले, एचटीएमएल २.०, त्याने तडजोड केली. प्रत्येक पानाला मूळ घटक आहे. परंतु त्याची उघडणारी खूण लिहिली नाही तरी चालेल आणि मिटणारीही लिहिली नाही तरी चालेल. त्या मानकाने पानाची तुलना पत्राशी केली आहे, वर मस्तक आणि खाली मजकूर. म्हणजे मघाचे मायन्याचे उदाहरण अगदीच माझ्या घरचे नाही.

‘लिहिला नाही तरी आहे’ हे ऐकायला वेदान्तासारखे वाटते खरे. परंतु इतिहासाला ते अपरिचित नाही. ताम्रपटाचे पत्रे एका कडीत ओवलेले असतात. त्यातला पहिला पत्रा हरवलेला असला तरी उरलेल्या पत्र्यांवरून दान देणारा कोण होता ते अभ्यासक ताडतो. पत्रा नाही म्हणून राजा नव्हता, असे कोणी म्हणत नाही.

ही सैल वृत्ती सर्वांनाच रुचली नाही. १९९८ साली एक्सएमएल नावाची एसजीएमएलची आटोपशीर आणि अधिक कडक धाकटी बहीण आली, आणि जानेवारी २००० मध्ये वेब-पानांना तिच्या शिस्तीत बसवणारे एक्सएचटीएमएल हे मानक निघाले. त्यात मूळ घटक सक्तीचा. तो लिहिलाच पाहिजे, आणि आपण कोणत्या कुळातले ते त्याच्यावर एका लांबलचक पत्त्याच्या रूपाने लिहिले पाहिजे. पानात कोठे एक खूण मिटवायची राहिली तर नियमाप्रमाणे ब्राउझरने पुढे वाचायचेच नाही. वाचकाला पानाऐवजी चुकीची नोटीस दाखवायची. उत्तरपत्रिकेत एक काना राहिला म्हणून संपूर्ण उत्तरपत्रिका परत करणारा परीक्षक आपण कल्पावा. गंमत अशी की या शिस्तीचे नाव घेऊन लिहिलेली बहुतेक पाने प्रत्यक्षात जुन्याच प्रकारची म्हणून पाठवली जात आणि म्हणून जुन्याच उदारपणे वाचली जात. त्या वेळचा सर्वांत अधिक वापरातला ब्राउझर, इंटरनेट एक्सप्लोरर, याला तर खऱ्या एक्सएचटीएमएलची पाने २०११ पर्यंत दाखवताच येत नव्हती. कायदा कागदावर आणि वहिवाट बांधावर, असे चालले होते.

जून २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझर करणाऱ्या मंडळींनी वेगळी चूल मांडली. त्यांचे म्हणणे रोखठोक होते. जगातली पाने चुकांसकट लिहिली गेली आहेत आणि पुढेही तशीच लिहिली जाणार. तेव्हा चुकलेले पान कसे वाचायचे तेच नियमाने बांधून टाकू, म्हणजे निदान सगळे ब्राउझर एकसारखे वाचतील. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे काम हेच. चूक करू नका असे सांगणारी मानके पुष्कळ झाली होती. चूक झाली तर काय करायचे, हे पायरीपायरीने लिहून ठेवणे कंटाळवाणे, वर्षानुवर्षांचे काम होते आणि ते यांनी केले. त्यातून एचटीएमएल ५ उभे राहिले; ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याला मानकाचा दर्जा मिळाला. मे २०१९ मध्ये जुनी आणि नवी अशा दोन्ही संस्थांनी समेट केला आणि तेव्हापासून मानक एकच, सतत दुरुस्त होत राहणारे.

त्या पायऱ्यांतली अगदी सुरुवातीची एक पायरी आपल्या मूळपुरुषाची आहे. ब्राउझर पान वाचू लागतो. एचटीएमएलची खूण भेटली तर उत्तम. न भेटता दुसरेच काही भेटले, एखादा परिच्छेद किंवा नुसते अक्षर, तर ब्राउझरने तेथल्या तेथे मूळ घटक स्वतः निर्माण करायचा आणि बाकीचे त्याच्या पोटात घालायचे. खुद्द कोरे पान दिले तरी मूळ निर्माण होतेच. कारण आजच्या ब्राउझरला कंदिलाची चार पावले पुरत नाहीत; त्याला संपूर्ण वंशवृक्ष स्मरणात मांडावा लागतो, आणि मूळपुरुषावाचून तो मांडता येत नाही. तेव्हा १९९२ चे ते बिनबापाचे पान आज आपण उघडले, तर आपला ब्राउझर न सांगता त्याला बाप देतो.

मग लिहायची गरज काय, असा प्रश्न एखादा चलाख विद्यार्थी विचारील. विचारावाच. उत्तर असे की मूळ घटक ब्राउझर देतो, पण त्या मुळावर जे लिहायचे ते त्याला देता येत नाही.

मुळावर लोकांनी आजवर बरीच ओझी लादून पाहिली. १९९५ मध्ये त्याच्यावर मानकाची आवृत्ती लिहिण्याची सोय होती. ती निरुपयोगी ठरून गेली. एक्सएचटीएमएलने कुळाचा पत्ता लिहायला लावला. साध्या पानांत त्याचीही गरज उरली नाही. २०१४ च्या मानकात, इंटरनेट बंद असतानाही पान चालावे म्हणून लागणाऱ्या वस्तूंच्या यादीचा पत्ता मुळावर लिहिण्याची युक्ती होती. आपल्याकडच्या खेड्यांना ती कामाची झाली असती, पण ती इतक्या अडचणींची निघाली की पुढे काढूनच टाकली. या सगळ्यांतून टिकून राहिली ती भाषा.

हे पान कोणत्या भाषेत आहे, हे मुळावर लिहिण्याची सोय १९९७ च्या जानेवारीत एका तांत्रिक टिपणाने सुचवली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एचटीएमएल ४.० ने ती स्वीकारली. तोपर्यंत भाषेचा प्रश्न विचारण्याचे कोणाला फारसे कारण नव्हते. १९९५ च्या मानकाची अक्षरमाला पश्चिम युरोपापुरती होती. तीत देवनागरीला जागाच नव्हती. पुढे आपले लोक इंटरनेटवर आले ते मागच्या दाराने. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार दाखवणारे फाँट तयार झाले. पान तयार करणाऱ्याचा फाँट वाचणाऱ्याच्या यंत्रात असला तर मराठी दिसे. नसला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. ‘शिवाजी’, ‘किरण’, ‘श्रीलिपी’ ही नावे ज्यांनी त्या काळात संगणकावर मराठी लिहिले त्यांना आठवत असतील. यंत्राच्या दृष्टीने ते मराठी नव्हतेच. ते मराठीचे सोंग घेतलेले रोमन होते. आणि योगायोग पाहा. ज्या ऑक्टोबर १९९१ मध्ये बर्नर्स-लीने आपल्या अठरा खुणांची यादी कळवली, त्याच महिन्यात युनिकोड या सर्व लिप्यांच्या अक्षरमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि त्यात देवनागरी होती. दोन्ही गोष्टी सामान्य मराठी माणसाच्या हाती एकत्र यायला मात्र दहा-पंधरा वर्षे गेली.

आता कोणी म्हणेल, देवनागरी अक्षर दिसले की झाले, भाषा वेगळी कशाला सांगायची? याचे उत्तर द्यायला एक नाव पुरे आहे: ज्ञानेश्वर. आपण ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो. हिंदीत तो ‘ग्य’ होतो. लिपी तीच, अक्षर तेच. दृष्टिहीन माणसे मोबाइल आणि संगणक वापरतात ते पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. कोणता आवाज लावायचा हे तो मुळावरच्या भाषेच्या खुणेवरून ठरवतो. तेथे मराठी लिहिले असेल आणि यंत्रात मराठी आवाज असेल, तर मुलगा ‘ज्ञानेश्वर’ ऐकतो. तेथे हिंदी असेल तर ‘ग्यानेश्वर’ ऐकतो, आणि ‘चाक’, ‘जहाज’, ‘झाड’ यांतले आपले दंततालव्य उच्चारही हिंदी वळणावर जातात. आणि तेथे इंग्रजी लिहिले असेल तर? मग इंग्रजी आवाज देवनागरीपुढे उभा राहतो. काही प्रोग्राम लिपी ओळखून सावरून घेतात. काही मजकूर भलताच वाचतात किंवा गाळूनच पुढे जातात. डोळ्याने वाचणाऱ्याला यातले काही कळत नाही. पान सुंदर दिसत असते.

हे संकट कल्पनेतले नाही. पाने तयार करणारे बहुतेक जण कोऱ्या कागदापासून सुरुवात करीत नाहीत. तयार साचा घेतात. साचे इंग्रजीत तयार होतात आणि त्यांच्या मुळावर इंग्रजीची खूण आधीच असते. आतला मजकूर मराठी भरला जातो, मुळाकडे पाहायचे राहून जाते. शाळेच्या संकेतस्थळावर धडे चढवताना, ग्रामपंचायतीचे पान करताना हे सहज होते. पानाची भाषा यंत्राला कळली पाहिजे, हा नियम वेब-पाने सर्वांना वाचता यावीत म्हणून डिसेंबर २००८ मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निघाली त्यांत अगदी पहिल्या पातळीवर घातलेला आहे. म्हणजे ती शोभेची गोष्ट मानलेली नाही. किमान गोष्ट मानलेली आहे. डोळसांनाही तिचा थोडा उपयोग आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून निराळे असते. काही फाँटांत दोन्ही वळणे भरलेली असतात, आणि मुळावर मराठी लिहिलेले पाहून ब्राउझर मराठी वळण काढतो.

खूण म्हणजे फार काही नाही. भाषांना आंतरराष्ट्रीय ठरावाने लघुनामे दिलेली आहेत. मराठीचे ‘एम-आर’, हिंदीचे ‘एच-आय’, संस्कृतचे ‘एस-ए’, इंग्रजीचे ‘ई-एन’. गोव्याच्या कोकणीला दोन अक्षरी नाव मिळाले नाही. तिचे तीन अक्षरी, ‘के-ओ-के’. मुळाच्या उघडणाऱ्या खुणेत ‘लँग’ हा शब्द, मग बरोबरचे चिन्ह आणि मग अवतरणात ही रोमन अक्षरे, एवढेच लिहायचे.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखवता येण्याजोगे आहे. शाळेतल्या संगणकावर कोणतेही मराठी पान उघडावे आणि कंट्रोल व यू ही दोन बटणे एकत्र दाबावीत. बहुतेक ब्राउझरांत पानाचा आतला मजकूर समोर येतो. पहिली ओळ बहुधा ‘डॉक्टाइप एचटीएमएल’ अशी असेल. हीच ती मूळपुरुषाचे नाव आधी जाहीर करण्याची एसजीएमएलची रीत. पूर्वी ही ओळ लांबलचक होती. कापत कापत आता तिच्यात मूळपुरुषाचे नाव तेवढे उरले आहे. ती नसेल तर ब्राउझर ते पान जुन्या जमान्यातले समजून जुन्या पद्धतीने मांडतो. तिच्याखाली मूळ घटक, आणि त्याच्यावर भाषा. ती ‘एम-आर’ आहे की ‘ई-एन’, हे मुलांनाच शोधू द्यावे. चार निरनिराळी पाने उघडून पाहिली तर तास कसा गेला ते कळणार नाही.

एखाद्या मुलाला प्रश्न पडेल की मराठी पानात मध्येच संस्कृत श्लोक आला तर काय करायचे. त्याचीही सोय वंशवृक्षातच आहे. मुळावर लिहिलेली भाषा खालच्या सर्व मुला-नातवंडांना वारसाहक्काने मिळते. ज्याला वेगळी हवी त्याने आपल्यापुरती वेगळी लिहावी. श्लोकाच्या घटकावर ‘एस-ए’ लिहिले की वाचणारा आवाज, त्याच्याजवळ संस्कृत असेल तर, तेवढ्यापुरता संस्कृतचा होतो आणि श्लोकाची मिटणारी खूण आली की पुढच्या ओळीपासून पुन्हा मराठी वाचू लागतो.